चोवीस जीबीनंतर धापा टाकणारी एसएसडी: टेबलावरच्या नोंदी

जोडणी: १ टीबीची क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट ठेवणारी) एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे थेट बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी; पीसीआयई ३.० एक्स४ (तिसरी पिढी, डेटाच्या चार वाटा, म्हणजे लेन); विंडोज ११; १६ जीबी रॅम; हीटसिंक बोर्डासोबत आलेला. खोली गोव्यातल्या फोंड्यातली, एसीशिवाय. चाचणीला शिगम्यातल्या रोमटामेळाचे व्हिडिओ, एकूण ८० जीबी, दुसऱ्या एनव्हीएमईवरून. लक्षण: सुरुवात झकास, २४ जीबीच्या आसपास स्पीड कोसळून सेकंदाला १०० एमबी, आणि मग शेवटपर्यंत तिथेच.

चाचणी मोठ्या फाइलींवरच करायची. हजारो लहान फोटोंचा फोल्डर चांगल्या ड्राइव्हवरही रांगतो, कारण दर फाइलीमागे फाइलसिस्टीमची नोंद आणि अँटिव्हायरसची झडती असते. पहिल्या काही सेकंदांचा आकडाही धरायचा नाही. तो बराचसा रॅमचा असतो.

नोंद १: लिंक

ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत ‘ट्रान्सफर मोड’पुढे दोन आकडे असतात. डावा सध्याचा, उजवा ड्राइव्हच्या क्षमतेचा. इथे डावीकडे एक्स२, उजवीकडे एक्स४. वाचण्याचा वेग १७०० एमबीच्या पुढे जात नव्हता, तो हिशोब इथेच जुळला: तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला जेमतेम १ जीबी देते.

दोन शक्यता. एक, त्या स्लॉटला बोर्डानेच दोन लेन दिल्या आहेत किंवा त्या साटा पोर्टांशी (केबलने जोडायच्या ड्राइव्हच्या जोडण्यांशी) वाटून घेतल्या आहेत. मॅन्युअलमधला तक्ता पाहायचा. तो स्लॉट पूर्ण एक्स४ निघाला. राहिली दुसरी, संपर्क. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यानंतर हा संशय आधी घ्यावा. पॉवर सप्लायचा स्विच बंद, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं, मग स्क्रू काढायचा. कार्ड आपणच तिरकं वर येतं. सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसल्या. खोडरबर नको, सोन्याचा थर फार पातळ असतो. परत बसवल्यावर एक्स४, वाचन ३३०० एमबी. पण २४ जीबीचा कडा जिथल्या तिथे. शिखर उंचावलं, दरी हलली नाही, म्हणजे दोष एकापेक्षा जास्त.

नोंद २: उष्णता

तापमान तपासायला लिहून पाहू नये, वाचून पाहावं. वाचनात कॅशेचा (लिहिताना ड्राइव्ह आधी वापरते त्या वेगवान तात्पुरत्या जागेचा) गोंधळ मध्ये येत नाही. सलग पाच मिनिटं वाचन, बाजूला तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. दुसऱ्या मिनिटाला ८४ अंश, आणि आलेख करवतीच्या दात्यांसारखा: घसरला, सावरला, पुन्हा घसरला. हे थ्रॉटलिंगचं लक्षण, म्हणजे तापलेली ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करते. कॅशे संपल्यावर आलेख एकदा पडतो आणि पडूनच राहतो.

हीटसिंक उचलला तर उष्णता त्याच्याकडे नेणाऱ्या थर्मल पॅडवर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच! कडेला नखाएवढा निळा टॅबही शाबूत. फिल्म सोलली, खालचा पॅड मऊ होता, त्यामुळे बदलावा लागला नाही. फाटला तर त्याच जाडीचा घ्यावा. जाड पॅड दाबून बसवला की कार्ड मधोमध वाकतं. नंतर त्याच चाचणीत कमाल ६७ अंश, दाते गायब.

नोंद ३: खरा कडा

क्यूएलसीच्या एका सेलमध्ये चार बिट मावतात, पण ते लिहायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह मोकळ्या सेलमध्ये आधी एकेकच बिट भराभर लिहून घेते (हीच कॅशे) आणि सवडीने घड्या घालते, म्हणजे चार-चार बिट एका सेलमध्ये कोंबते. १ जीबी कॅशेला ४ जीबी मोकळी जागा लागते. ड्राइव्हवर शिल्लक होती ११० जीबी. भागिले चार, साडेसत्तावीस. कडा चोविसाला. आणखी पुरावा कशाला?

जुनं सामान हलवून ४२० जीबी मोकळी केली. रीसायकल बिनही रिकामं करायचं, नाहीतर काहीच मोकळं होत नाही. डिलीट केलेली जागा खरोखर रिकामी आहे ही खबर ड्राइव्हला ट्रिम देतं. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एफएसयूटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय’ला ० उत्तर आलं. शून्य म्हणजे ट्रिम चालू. प्रश्न ‘बंद आहे का’ असा आहे, पुष्कळजण इथे उलटं वाचतात. मग ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ एकदा चालवून मशीन स्लीपमध्ये न जाऊ देता तासभर नुसतं चालू ठेवलं.

फेरचाचणी: ८० जीबी एका दमात, मिनिटाच्या आत. आधी याच कामाला साडेनऊ मिनिटं लागत होती. १५० जीबी देऊन पाहिली तेव्हा कडा ९२ जीबीला आला, आणि त्यापुढे तेच १०० एमबी. तो क्यूएलसीचा स्वतःचा वेग. कुठल्याही सेटिंगने वाढत नाही. रोज दीडशे जीबी फुटेज उतरवायचं असेल तर टीएलसी (सेलमागे तीन बिटांची) ड्राइव्ह घ्यावी, या ड्राइव्हशी भांडत बसू नये.

विंडोजमधली ‘राइट-कॅशे बफर फ्लशिंग’ (तात्पुरता साठलेला डेटा ड्राइव्हवर पक्का लिहायला लावणं) बंद करणारी टिक मुद्दाम लावली नाही. जूनमध्ये दिवसातून दोनदा वीज जाते, आणि त्या टिकेने मिळणाऱ्या चार एमबींसाठी फाइलसिस्टीम पणाला लावण्यात अर्थ नाही.

बाकी: दोन वर्षं न हललेल्या फाइली नव्यांपेक्षा हळू वाचल्या जातात का, हे मोजायचं आहे. सेलमधला चार्ज सरकला की कंट्रोलरला पुन्हापुन्हा वाचावं लागतं. २०१४ मध्ये सॅमसंगला ८४० इव्हो या एसएसडीसाठी त्यापायी नवं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) काढावं लागलं होतं. तसं दिसलं तर त्या फाइली दुसरीकडे नेऊन परत आणायच्या, नव्वद-नव्वद जीबीच्या हप्त्यांत.