यूच्या गाठी आणि बेल्ट सँडर

धुळ्यात माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, पोटापाण्याला दारं-खिडक्या-दिवाण आणि हौसेला धनुष्यं. जास्त करून बांबूची नाहीतर धामणाची बनवतो, ते लाकूड इकडे मिळतं आणि हाताला ओळखीचं आहे. त्यामुळे शहाद्याकडचे एक गिऱ्हाईक गाडीच्या टपावर साडेसहा फुटाचं यूचं लाकूड बांधून आले तेव्हा मी चहा सोडून बाहेर पळालो.

यू म्हणजे ते इंग्रजांच्या लांब धनुष्यांचं लाकूड. बाहेरचा थर पांढुरका, आतला गाभा नारिंगी-तपकिरी. पांढरा थर ताण सोसतो, गाभा दाब सोसतो, म्हणजे पाठीला (बाण मारणाऱ्यापासून लांबची बाजू) पांढरा ठेवायचा आणि पोटाला (त्याच्याकडची बाजू) गाभा, बाकी झाडानेच जुळवून दिलेलं असतं. आपल्या हिमालयात याचा भाऊबंद आहे, थुनेर, पण कॅन्सरच्या औषधासाठी त्याची इतकी तोड झाली की त्याच्यावर आता आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. हे लाकूड या गिऱ्हाईकाच्या, म्हणजे दादांच्या, इंग्लंडातल्या मेहुण्याने पाठवलेलं, दोन वर्षं वाळवलेलं.

उलटं करून पाठ बघितली आणि डोकंच फिरलं. "तुमची मेहनत वाचावी म्हणून" दादांनी वाटेत कुठल्यातरी फर्निचरवाल्याकडून त्याच्यावर बेल्ट सँडर मारून आणला होता. पाठ एकदम गुळगुळीत, सनमायका लावा म्हटलं तर लावता येईल अशी. यूला गाठी भरपूर असतात, आणि गाठीवर पाठीचं लाकूड थोडं फुगलेलं असतं, तो फुगीर भाग दोन ठिकाणी साफ सपाट केलेला.

आता हे का वाईट ते सांगतो. फांदी जिथून फुटते तिथे खोडाचे तंतू तिला वळसा घालून जातात, तापीचं पाणी खडकाला वळसा घालून जातं तसं. फुगवटा कापला की ते तंतू मधेच तुटतात, त्यांची टोकं उघडी पडतात, आणि धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पहिली चोय, म्हणजे लाकडाची बारीक चिरफळी, तिथूनच उठते. ५०० वर्षांपूर्वीच्या कारागिरांनाही हे ठाऊक होतं. मेरी रोझ नावाचं इंग्रजी जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं, त्यात शंभरावर अख्खी यूची धनुष्यं निघाली, त्यांच्यावर गाठींजवळ लाकूड मुद्दाम उंच सोडलेलं दिसतं. मी दादांना मोबाईलवर फोटो दाखवले. ते म्हणे, "हाई तं ओबडधोबड दिसस." मी म्हणलं दादा, राजाच्या सैन्याला चाललं ते तुम्हाला नाही चालत का.

दादांना पाहिजे होतं ५० पौंडाचं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढं वजन लागेल असं. मी म्हणलं या पाठीवर ४० च्या वर जाणार नाही, पटत असेल तर ठेवा. जरा कुरकुर केली, मग ठेवलं.

मे महिना होता, पारा ४३-४४. अशा हवेत लाकूड फार कोरडं होतं आणि कोरडं झालं की कडकन मोडतं, म्हणून लाकूड आधी घरी कूलरच्या खोलीत ठेवलं. आई रोज त्याला अडखळायची आणि रोज बोलायची. जरा सवड मिळाल्यावर एक अख्खा दिवस त्याच्यासाठी मोकळा काढला, बाकीची कामं बंद, फोन ड्रॉवरमधे.

पहिलं काम मापाचं. धनुष्य सहा फुटाचं काढायचं, लाकूड साडेसहा, म्हणजे सहा इंच इकडेतिकडे सरकवायला मोकळे. सरकवून बघता बघता सपाट केलेली सगळ्यात मोठी गाठ बरोबर मुठीत आणली, मूठ वाकतच नाही, तिथे ती पडून राहिली तरी कोणाचं काही जात नाही. दुसरी सपाट गाठ मात्र वरच्या पातीच्या, म्हणजे मुठीवरच्या वाकणाऱ्या भागाच्या, मधोमध, तिला कुठेच लपवता येईना. तिच्या बाजूने पातीची रुंदी थोडी जास्त सोडली, आणि वरून रेशमाचा धागा सरस लावून घट्ट गुंडाळला. धागा येवल्याच्या पैठणीवाल्याकडून आणलेला, तो म्हणे साडी विणताय का.

तिसरी गाठ पोटाच्या बाजूला, भोवती काळी कड, म्हणजे मेलेली गाठ. टोचून बघितलं तर हलत होती. घट्ट गाठ पोटावर चालते, दाब सोसते, पण सैल गाठ म्हणजे भोकच. कुजका भाग छोट्या पटाशीने पूर्ण कोरून काढला आणि यूच्याच गाभ्याची खुंटी एपॉक्सी लावून ठोकून बसवली. बारीक टाचणीएवढ्या गाठी होत्या त्यांना हात लावला नाही, स्क्रॅपर त्यांच्या कडेकडेनेच फिरवला. हे सगळं मास्क लावून, कारण यूचा भुसाही विषारी. शेजारच्या शेळ्या वर्कशॉपमधे घुसतात, म्हणून ढलप्या झाडून लगेच गोणीत भरून तोंड बांधलं.

खरी मजा संध्याकाळी ओढणीला. भिंतीवरच्या कप्पीवरून धनुष्य थोडं थोडं ओढायचं आणि पात्या कशा वाकतात ते लांबून बघायचं. दोरी १८ इंच ओढली तोवर सगळं गोल, छान. २२ ला माझ्याकडे कामाला असलेला धडगावकडचा पावरा कारागीर म्हणाला, "भाऊ, थांबा, गाठीच्या खाली मोडतंय." मला दिसत नव्हतं. त्याचं अख्खं घर बांबूची धनुष्यं करतं, त्याची नजर माझ्यापेक्षा तयार, मी दोर सोडला. सहा इंचाची सरळ पट्टी पोटावर सरकवली तेव्हा कळलं, गाठीपाशी लाकूड सोडल्यामुळे तो भाग ताठ राहिला होता आणि त्याच्या लगेच खालचा दोन इंच एकटाच बिजागरीसारखा वाकत होता. गाठीला जपायचं म्हणून जास्त लाकूड सोडलं की मार शेजाऱ्याला बसतो, तिथे पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या पडतात आणि एकदा पडल्या की जात नाहीत. सुरकुत्या अजून पडल्या नव्हत्या. तो वाकणारा भाग तसाच ठेवून बाकीची पात कानशीने हलकी करत गेलो, चार घासे मारायचे, पुन्हा ओढायचं, पुन्हा पट्टी. या सगळ्यात वजन उतरत जातं, त्याला इलाज नाही. २६ इंचाला 'टिक' असा आवाज आला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. बॅटरी लावून बघितलं, रेशमावरचा जास्तीचा सरस तडकला होता, लाकूड शाबूत.

२८ इंचाला सामान मोजायचा डिजिटल काटा १७ किलो दाखवत होता, म्हणजे ३७-३८ पौंड. दादांना फोन केला, ते म्हणे ४० तरी करा. मी म्हणलं वजन उतरवता येतं, चढवता येत नाही.

न्यायला आले तेव्हा मागच्या अंगणात कडब्याच्या पेंढ्या रचून बाण मारून बघितले. त्यांना सांगितलं, दोरी चढवून ठेवायचं नाही, उन्हात गाडीत ठेवायचं नाही, आणि दर वेळी वापरायच्या आधी कापसाचा बोळा पाठीवरून फिरवायचा, एक जरी धागा कुठे अडकला तर समजायचं चोय उठली, त्या दिवशी बाण मारायचा नाही.

"कापूसले काय तोटा शे आपल्याकडे," म्हणे, आणि धनुष्य टपावर न बांधता मागच्या सीटवर नीट आडवं ठेवलं.