रिमॅप आणि हलकं फ्लायव्हील

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. टर्बो गाडीचा रिमॅप, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंग्ज (मॅप) बदलणं, थंडीत केला असेल तर याच दिवसांत तो उघडा पडतो. आत येणारी हवा तापली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढतो आणि वाढवलेली ताकद गायब. म्हणून लॉगिंग (चालत्या गाडीतल्या ईसीयूच्या नोंदी घेणं) भर दुपारी करा. जालन्याकडे जाताना तिसऱ्या गिअरमध्ये, रस्ता मोकळा बघून. ९५ ऑक्टेनवर बनवलेल्या मॅपमध्ये ९१ चं पेट्रोल भरू नका. तुमच्या नेहमीच्या पंपावर जे ऑक्टेन खात्रीने मिळतं, त्यावरच मॅप बनवलेला बरा.

आता फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या क्रँकवर फिरणारं जड चाक. १२ सेंमी त्रिज्येवरचं ३ किलो लोखंड कमी केलं, पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे) १४ आणि चाकाची त्रिज्या ३० सेंमी धरली, तर गाडी जवळपास ९४ किलोने हलकी झाल्यासारखी पळते. पाचव्यात, ३.२ गुणोत्तराला, हाच फायदा जेमतेम ५ किलो! हायवेवर टॉप स्पीड वाढेल ही आशा सोडा.

जुनं बिडाचं फ्लायव्हील लेथवर खरवडून घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. जास्त आरपीएमला ते फुटू शकतं. फोर्ज्ड स्टीलचंच घ्या, क्लच प्रेशर प्लेटसकट बॅलन्स करा, बोल्ट नवे वापरा. ड्युअल मास (मधे स्प्रिंग असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील) काढलं तर न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडणार, ते सोसावं लागतं. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) १०० ते १५० आरपीएमने वाढवा. क्रँकचा वेग आता जास्त हेलकावतो, त्यामुळे ईसीयू कधीकधी खोटा मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं) दाखवतो. प्लग बदलत बसू नका, मॅपमधली मिसफायरची मर्यादा तपासा.