केरी वूडचा उजवा हात

शनिवारी सकाळी आमच्या गावातल्या मैदानाच्या कडेला मी बसतो, तेव्हा माझ्या हातात अंगठ्याने दाबले की आकडा एकाने पुढे सरकणारे एक छोटे यंत्र असते. माझा धाकटा मुलगा बारा वर्षांचा आहे, तो बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू आहे, आणि त्याने टाकलेला प्रत्येक चेंडू मी मोजतो. इतर पालकांना ही काळजी जरा जास्त वाटते, हे मला ठाऊक आहे. पण मी पाव शतकाहून अधिक काळ शिकागोच्या परिसरात राहतो आहे आणि केरी वूड या पिचरची सगळी कारकीर्द माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. त्यामुळे मोजल्याशिवाय मला राहवत नाही.

६ मे १९९८ रोजी बुधवार होता. नोकरीनिमित्त इथे येऊन मला जेमतेम सात-आठ महिने झाले होते आणि बेसबॉल मला अजून परका होता. शिकागो कब्ज या संघाच्या रिग्ली फील्ड या मैदानावर त्या दुपारी आभाळ भरून आले होते, मधूनच पावसाची भुरभुर चालू होती, आणि प्रेक्षक पंधरा-सोळा हजारांच्या वर नव्हते. कब्जतर्फे पिचिंगला उभा होता टेक्सासचा वीस वर्षांचा एक पोरगा, ज्याचा मोठ्या लीगमधला हा केवळ पाचवा सामना होता. समोर ह्यूस्टन ॲस्ट्रोज होते. त्या वर्षी १०२ सामने जिंकलेल्या या संघात पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले क्रेग बिजिओ आणि जेफ बॅगवेल हे दोघे होते. वूडचा पहिलाच चेंडू कॅचरला, म्हणजे फलंदाजामागे चेंडू पकडणाऱ्याला, चुकवून थेट अंपायरच्या मुखवट्यावर आदळला. त्यानंतर त्याने पहिल्या पाचही फलंदाजांना स्ट्राइकआउट केले.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडे स्पष्ट करायला हवे. नऊ इनिंगच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचे २७ गडी बाद करावे लागतात आणि त्यांतले बरेचसे क्षेत्ररक्षकांच्या मदतीनेच बाद होतात. स्ट्राइकआउटमध्ये मात्र तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले योग्य चेंडू, होईपर्यंत फलंदाजाला चेंडू मैदानात मारताच आलेला नसतो. तो गडी जवळजवळ पूर्णपणे पिचरच्या खात्यावर जमा होतो. एका सामन्यात असे आठ-दहा मिळाले तरी पिचरचा दिवस उत्तम गेला असे म्हणतात. वूडने त्या दुपारी २० मिळवले. नऊ इनिंगच्या सामन्यात तोवर एवढे फक्त रॉजर क्लेमन्सला जमले होते, १९८६ मध्ये एकदा आणि १९९६ मध्ये पुन्हा एकदा. वूडने एकाही फलंदाजाला वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस, दिला नाही. एक चेंडू बिजिओच्या अंगावर गेला, आणि तिसऱ्या इनिंगमध्ये रिकी गुटिएरेझने मारलेला एक फटका तिसऱ्या बेसवरच्या केव्हिन ओरीच्या ग्लोव्हला चाटून पुढे गेला, तेवढाच काय तो हिट. कब्जने सामना २-० असा जिंकला. वूडने टाकलेले चेंडू होते १२२.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मिठाची आणि मिरपुडीची बाटली टेबलावर मांडून मला त्या सामन्याचा अर्थ समजावून सांगितला, आणि तिथून मला या खेळाची गोडी लागली. सामन्याचे चित्रण मी नंतर कितीतरी वेळा पाहिले आहे. ताशी ९५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरच्या पुढे जाणारा त्याचा सरळ चेंडू भेदक होताच. परंतु खरा अचंबा वाटतो तो वळणाऱ्या चेंडूचा. चेंडू आपल्या खांद्यावर येतो आहे असे वाटून उजव्या हाताचा फलंदाज अंग चोरतो, गुडघे वाकवतो, आणि त्याच क्षणी चेंडू खाली वळून प्लेटच्या (फलंदाजापुढे जमिनीत बसवलेल्या पाटाच्या) पार पलीकडच्या कडेवर कॅचरच्या हाती पडतो. अनुभवी, मुरलेले फलंदाज हातभर लांबून जाणाऱ्या चेंडूवर बॅट फिरवताना दिसतात.

असा चेंडू वळवायला मनगट, कोपर आणि खांदा यांना काय सोसावे लागते, हे मात्र चित्रणात दिसत नाही. क्रिकेटच्या गोलंदाजाला चेंडू टाकताना वाकलेले कोपर झटक्याने सरळ करता येत नाही, त्यामुळे वेगवान गोलंदाजाची पाठ, गुडघे आणि घोटे आधी कुरकुरतात. पिचर धावत येत नाही; उंचवट्यावरून एक लांब पाऊल टाकून, वाकलेल्या कोपराला चाबकासारखा हिसका देऊन तो चेंडू सोडतो. त्या हिसक्यात खांदा पुढे निघालेला असतो आणि हाताचा कोपराखालचा भाग अजून मागेच असतो, त्यामुळे कोपराची आतली बाजू फाकू पाहते. तिला जे लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, धरून ठेवते, ते फार तर बोटभर लांबीचे असते. त्यात वूडची शैली अंगाला तिरकी छेद देणारी होती. त्याचे पाऊल तिसऱ्या बेसच्या बाजूला पडे आणि हात शरीर ओलांडून यावा लागे. त्यामुळे चेंडू फलंदाजाला अधिक अवघड जाई आणि हातावरचा ताणही त्याच कारणाने वाढे. त्याचे यश आणि त्याची दुखापत यांचा उगम एकाच हालचालीत होता असे मी मानतो. म्हणून ‘हात शाबूत राहिला असता तर’ हे शिकागोत नेहमी ऐकू येणारे वाक्य मला पटत नाही. हात शाबूत ठेवणाऱ्या शैलीने ते २० गडी मिळालेच नसते.

पुढच्याच सामन्यात त्याने ॲरिझोनाविरुद्ध आणखी १३ गडी स्ट्राइकआउट केले. लागोपाठच्या दोन सामन्यांत मिळून ३३, हा विक्रम होता. त्या मोसमात १६७ इनिंगपेक्षाही कमी खेळात त्याने २३३ स्ट्राइकआउट मिळवले, १३ सामने जिंकले, आणि नॅशनल लीगचा (मोठ्या लीगच्या दोन शाखांपैकी एकीचा) सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. सप्टेंबरमध्ये कोपर दुखू लागल्याने त्याला बाहेर बसावे लागले, तरी ऑक्टोबरमध्ये अटलांटाविरुद्धच्या बाद फेरीत तो एका सामन्यासाठी परतला. १९९९च्या मार्चमध्ये, मोसमाआधीच्या सराव सामन्यांच्या दिवसांत, ते लिगामेंट फाटले. ते संपूर्ण वर्ष वाया गेले.

या दुखापतीवरची शस्त्रक्रिया टॉमी जॉन या पिचरच्या नावाने ओळखली जाते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती प्रथम त्याच्यावर केली, आणि त्यानंतर त्याने आणखी १६४ सामने जिंकले. रुग्णाच्याच शरीरातला, बहुधा मनगटातला एक टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढायचा, कोपराच्या दोन्ही हाडांना भोके पाडायची, आणि तो टेंडन त्यांतून ओवून घट्ट बसवायचा, असे तिचे साधारण स्वरूप आहे. वाचकांनी स्वतःचा हात पाहावा: अंगठा आणि करंगळी यांची टोके एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वाकवले की मनगटाच्या मध्यभागी एक दोरी वर येते. तोच हा टेंडन. काही माणसांना तो नसतो आणि त्यांचे काही अडत नाही, म्हणून तर तो काढून घेता येतो. माझ्या मुलाने हे करून पाहिले तेव्हा त्याच्या सडपातळ मनगटात ती दोरी लख्ख उभी राहिली, आणि मला नीट बोलवेना.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. जून १९९५ मध्ये कब्जने वूडला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, चौथ्या क्रमांकावर निवडले. त्यानंतर लगेच त्याच्या शाळेचे स्पर्धेतले दोन सामने एकाच दिवशी होते, आणि वूडने दोन्ही सामन्यांत पिचिंग केले. चेंडू झाले सुमारे १७५. त्याला अठरावे वर्ष पूर्ण व्हायला अजून काही दिवस बाकी होते. आज मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी घालून दिलेल्या मर्यादेनुसार सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एका दिवसात १०५च्या पुढे जायचे नाही, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ८५च्या पुढे. ही मर्यादा २०१४ मध्ये आली. वूडच्या पिढीला तिचा उपयोग झाला नाही. शाळेला सामना जिंकायचा होता, मुलाला ‘नको’ म्हणायचे नव्हते, आणि मोजणारे कोणी नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझ्या मुलालाही त्याच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाने एकाच दिवशी दोनदा पिचिंगला पाठवले. मी कडेला उभा होतो, अवघडलो आणि काहीच बोललो नाही. रात्री कोपर दुखते म्हणून तो झोपेतून उठला. इजा नव्हती, दहा दिवसांच्या विश्रांतीने तो बरा झाला. मोजण्याचे यंत्र मी त्यानंतर घेतले.

मे २००० मध्ये वूड परतला. समोर पुन्हा ह्यूस्टनच होते, आणि त्या दिवशी बॅट हातात घेऊन पहिल्याच खेपेला त्याने होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा सीमेपार जाणारा फटका, मारला. त्याचे भराचे वर्ष २००३. त्याने त्या मोसमात २६६ स्ट्राइकआउट मिळवून नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला, आणि अटलांटाविरुद्धच्या फेरीत पहिला आणि निर्णायक पाचवा असे दोन्ही सामने जिंकून दिले. बाद फेरीतली एखादी मालिका कब्जने जिंकली ती १९०८ नंतर प्रथमच. पुढच्या फेरीत फ्लोरिडाविरुद्धचा सातवा सामना त्याच्याकडे आला. मिगेल काब्रेराने पहिल्याच इनिंगमध्ये तीन धावांचा होमरन ठोकला; वूडने स्वतः होमरन मारून बरोबरी साधली, तेव्हा रिग्ली फील्डचे छत हादरले असे तिथे असलेले माझे मित्र सांगतात. पण नंतर तो टिकला नाही आणि कब्ज ९-६ असे हरले. त्या रात्री सगळे गाव आदल्या सामन्यात प्रेक्षकाच्या हाताला लागून झेल हुकलेल्या एका चेंडूवर खापर फोडत असताना, वूडने पराभवाची जबाबदारी उघडपणे स्वतःवर घेतली. मला तो माणूस म्हणून आवडू लागला तो त्या रात्रीपासून.

२००४ मध्ये दंडाचा मागचा स्नायू दुखावला, २००५ मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि २००६ मध्ये त्याला चारच सामने सुरू करता आले. कोपराचे लिगामेंट नवे बसवता येते. खांदा मात्र अनेक लहान स्नायूंनी सांभाळलेला असतो आणि एकदा बिघडला की पूर्ववत होणे फार कठीण जाते. २००७च्या उन्हाळ्यात तो खेळ सोडण्याच्या विचारापर्यंत आला होता. पण दुखणे ओसरले, आणि ऑगस्टमध्ये तो परतला तो रिलीव्हर म्हणून. सामना सुरू करून सहा-सात इनिंग खेचणारा, शंभरावर चेंडू टाकणारा वूड आता अखेरीस येऊन एखादी इनिंग, पंधरा-वीस चेंडू टाकू लागला. २००८ मध्ये क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकून आघाडी टिकवणारा पिचर, म्हणून त्याने ३४ सामने राखले आणि मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात त्याची निवड झाली. अकराव्या वर्षी, दोनदा उसवलेल्या हाताने मिळवलेली ही निवड मला त्या २० स्ट्राइकआउटपेक्षा कमी मोलाची वाटत नाही. पुढे क्लीव्हलँड झाले, थोडे दिवस न्यूयॉर्क यांकीज झाले, आणि २०११ मध्ये तो कमी पैशांत कब्जकडे परतला.

१८ मे २०१२ रोजी, शुक्रवारी दुपारी, रिग्ली फील्डवर शेजारच्याच व्हाइट सॉक्सविरुद्धचा सामना होता आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो होतो. वूडचा तो शेवटचा सामना, ही बातमी दुपारपर्यंत पसरली होती. आठव्या इनिंगमध्ये तो आला, तेव्हा सगळे उभे राहिले आणि कोणी बसले नाही. समोर डायन व्हिसिएडो होता. तीन चेंडू, तीन स्ट्राइक. शेवटचा तोच, वळणारा. व्यवस्थापक त्याला न्यायला आले, तो डगआउटकडे निघाला, आणि त्याचा लहानगा मुलगा पायऱ्यांवरून धावत येऊन त्याच्या अंगाला बिलगला. कारकिर्दीत १३८० इनिंग आणि १५८२ स्ट्राइकआउट झाले होते. शाळेच्या प्रशिक्षकाला किंवा क्लबला त्याने कधी दोष दिल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याचा तो मोठेपणा मान्य करूनही, १९९५च्या त्या दिवशी कोणीतरी त्याच्या हातातून चेंडू काढून घ्यायला हवा होता, असे मला वाटत राहते.

गेल्या शनिवारी माझ्या मुलाचे ६४ चेंडू झाले. बारा वर्षांच्या मुलाला ५१ ते ६५ चेंडूंनंतर तीन दिवसांची विश्रांती सांगितलेली आहे, त्यामुळे मंगळवारच्या सामन्यात त्याला पिचिंग करता येणार नाही. नवे प्रशिक्षक याला तयार आहेत, मुलगा अजून रुसलेला आहे.