बुडवलं की बुडालं

मोडी वाचून देणं हे माझं काम. २०२३ पासून त्यातलं बरंचसं कुणबी नोंदींचं, त्याआधी जमिनीच्या वादांचं. त्यामुळे कुणी जुनं दप्तर घेऊन दारात आलं की त्यातून एखादा वाडा नाहीतर मळा निघेल अशी त्याला आशा असणार, हे मी धरूनच चालते.

नाशिकच्या दहीपुलाकडचे काका आले ते पितळी डबा छातीशी धरून. वय अठ्ठ्याहत्तर, घराणं पिढीजात सराफीचं. बरोबर पुतण्या. १९६९ च्या पुरात गंगा, म्हणजे आमची गोदावरी, त्यांच्या माजघरात शिरली तेव्हा हा डबाही भिजला होता.

"ताई, आमच्या खापरपणजोबांना मुंबईच्या एका शेटजीनं बुडवलं. बाराशे रुपये. त्याचा कागद यात आहे असं वडील सांगायचे. वाचायला कुणी उरलं नव्हतं. त्या आडनावाचं स्थळ आलं तर आमच्याकडे पत्रिकासुद्धा बघत नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळेला..." इथे ते थांबले आणि डब्याचं झाकण काढू लागले.

कागद हुंडीचा, म्हणजे अमक्याला इतके पैसे द्यावे अशा सावकारी चिठ्ठीचा होता, हे पहिल्या नजरेत कळलं. हुंडीत आकडा लिहून भागत नाही. रुपये बाराशे, निमे सहाशे, त्याचे दुप्पट, असं लिहितात, म्हणजे मागाहून कुणी शून्य वाढवू शकत नाही. मोडीत ओळभर रेघ आधी ओढायची आणि मग बोरू न उचलता लिहीत जायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. वर काजळाची शाई पाण्यानं फुटलेली. खालचा तिसरा हिस्सा तर नुसता ढग झाला होता. शाई सुकवायला टाकलेल्या वाळूचे दोन-चार कण मात्र अजून अक्षरांना चिकटलेले होते.

तिथी नीट लागली: शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर, वैशाख वद्य तृतीया. म्हणजे मे १८६४ चा उत्तरार्ध. पुढे एक शब्द आला, 'जोखमी'. सराफाच्या घरातला कागद आणि जोखीम म्हणजे आपल्याकडे दागदागिने. मी बिनधास्त सांगून टाकलं, "दागिन्यांच्या तारणावरची हुंडी दिसते. शेटजींनी सकारलेली नाही, म्हणजे पैसे द्यायचं कबूल केलेलं नाही."

काकांनी मांडीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं?" पुतण्यानं तेवढ्यात मोबाइलवर व्याज काढायला घेतलं होतं. एकशेसाठ वर्षांचं चक्रवाढ. मुदत कधीच टळून गेलीये, असं मी म्हणेपर्यंत आकडा कोटींत गेला होता.

चहा ठेवला आणि सवयीनं डागाळलेल्या भागावर मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. समोरून न दिसणारी अक्षरं तिरक्या उजेडात कधीकधी वर येतात. आधी 'गासड्या' आलं, म्हणजे कापसाचे गठ्ठे. मग 'बंदर कुमठे', ते कारवारच्या दक्षिणेचं. मग 'तांडेल' आणि त्याच्यापुढे डाग. दागिन्यांच्या तारणात तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, कशाला येईल? मी मान खाली घातली ती थोडा वेळ वर केलीच नाही.

ती जोखमी हुंडी होती. हा प्रकार मी फक्त पुस्तकात वाचला होता, हातात कधी आला नव्हता. माल गलबतावर चढवणारा व्यापारी ही हुंडी मुंबईच्या आपल्या शेटजीवर लिहायचा आणि तिथल्या तिथे विकून पैसे मोकळे करायचा. घेणारा दर्शनी रकमेपेक्षा कमी देई. कारण अट अशी की गलबत सुखरूप पोहोचलं तरच शेटजी पैसे देणार. वाटेत बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे गेले. कर्ज, हुंडी आणि विमा तिन्ही एका चिठोऱ्यात. देशी गलबतांवरच्या मालाचा विमा व्यापारी पुष्कळदा असाच उरकत.

नाशिकचा सावकार कुमठ्याच्या कापसात काय करत होता? १८६४ साली ज्याच्याकडे चार पैसे होते तो कापसातच होता. अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस अडकलेला, लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवा. धारवाडकडचा माल घाट उतरून कुमठ्याला येई आणि तिथून गलबतांनी मुंबईला. मुंबईत तेव्हा माल चढवायला-उतरवायला गोदी नव्हती, ससून डॉक झाला १८७५ मध्ये. मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि गासड्या पडावांतून त्यांच्यापर्यंत जात. आपल्या थळ (कसारा) घाटातून रेल्वे पूर्ण झाली ती पुढच्या वर्षी, १ जानेवारी १८६५ ला. त्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १ जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा भलेभले शेअरवाले झोपले. पण आपल्या सराफांचं गणित त्याच्या आधीच संपलं होतं.

कारण ती तिथी. वैशाख वद्य. देशी गलबतं पावसाच्या तोंडावर किनाऱ्याला ओढून ठेवतात ती नारळी पौर्णिमेपर्यंत बाहेर काढत नाहीत. भाव चढा असताना एक शेवटची खेप मारून घ्यावी, असं कुणाला तरी वाटलं असणार. हा माझा तर्क, कागदात नाही. कागदाच्या पाठीवर वेगळ्या हातानं एवढंच आहे: गलबत बंदरी आले नाही.

शिवाय हुंडी नाशिकला आहे हाच पुरावा. पैसे मिळाले असते तर कागद शेटजीच्या दप्तरात जाऊन खोखा, म्हणजे चुकती झालेली हुंडी, झाला असता. डब्यातल्या खतावणीच्या सुट्या पानावर या हुंडीसाठी मोजलेली रक्कम सापडली, अकराशे चाळीस. मांडली होती बुडीत खात्यात. बुडवलं असं कुठेही लिहिलेलं नाही.

मी आधीचं चुकलं म्हणून माफी मागितली. काका खतावणीच्या पानाकडे बघत राहिले. "म्हणजे शेटजीनं द्यायचेच नव्हते?"

"नव्हते. तसंच ठरलं होतं."

पुतण्यानं मोबाइल खिशात टाकला.

निघताना काकांनी विचारलं, "तांडेलाचं नाव लागतं का हो?" पुन्हा टॉर्च धरून पाहिलं. नाही लागलं. लिप्यंतराखाली मी तशी नोंद केली: तांडेलाचे नाव डागामुळे अवाच्य.

दोन दिवसांनी प्रिंट न्यायला ते एकटेच आले. दोन प्रती मागितल्या. एकीत शेटजींचं आडनाव जरा ठळक करून द्या म्हणाले. कुणाला दाखवायचीय ते मी विचारलं नाही.