लॉगिन स्क्रीन आडवीच का राहते?

माझा एक मॉनिटर उभा लावलाय, कोड वाचायला बरा पडतो. लिनक्सवर ग्नोममध्ये (म्हणजे लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये) स्क्रीन उभी करायची सेटिंग केली, मस्त चाललं, पण लॉगआउट केलं की लॉगिन स्क्रीन परत आडवी, पासवर्ड मान वाकडी करून टाकायचा. मला आधी वाटलं ड्रायव्हरच गंडलाय, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या (उगाच).

खरं कारण साधं आहे. लॉगिन स्क्रीन म्हणजे जीडीएम नावाचा ग्नोमचा वेगळा प्रोग्रॅम, आणि ते वेगळ्याच युजरच्या नावाने, वेगळ्या सेशनमध्ये चालतं. आपलं सेटिंग आपल्या होममधल्या कॉन्फिग फोल्डरात मॉनिटर्स डॉट एक्सएमएल मध्ये असतं, ते त्या बिचाऱ्याला दिसणार कसं? तीच फाइल जीडीएमच्या कॉन्फिग फोल्डरात कॉपी केली आणि काम झालं.

मग खाज सुटली म्हणून अजून खोदलं. पूर्वी रेझोल्यूशन बदलायचं काम एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम) स्वतःच करायचा, त्यामुळे कन्सोल (एकाच मशीनवरचा दुसरा लॉगिन पडदा) बदलला की स्क्रीन काळी होऊन लुकलुकायची. 2009 मध्ये लिनक्सच्या 2.6.29 कर्नलमध्ये (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात) इंटेल कार्डांसाठी हे काम कर्नलकडे आलं. आता कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून दुसऱ्या कन्सोलवर गेलं की लॉगिनडी (सगळ्यांची सेशन्स सांभाळणारा प्रोग्रॅम) जुन्या सेशनकडून ग्राफिक्स कार्डाचा ताबा काढून घेतो, म्हणजे त्या सेशनचा पडदा रंगवणारा प्रोग्रॅम चालू राहतो पण डिस्प्ले मोडला (रेझोल्यूशन वगैरे) हात लावू शकत नाही, आणि परत आलो की ताबा मिळतो आणि तो आपला मोड पुन्हा लावतो. म्हणजे मोड पडद्याला चिकटलेला नसतोच, ज्याचं सेशन समोर त्याचा मोड. हे कळल्यावर ड्रायव्हरला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.