झाकणाच्या आतली खाच

"रंग तर अस्सल सोन्याचा आहे, काका."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. घड्याळ अजून वजनकाट्यावरही ठेवलं नव्हतं. काकांनी ते ऐकलं, बाकावर बसले आणि लगेच फोन लावला. "हो, सोन्याचंच आहे म्हणतायत," काचेपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं आणि पोटात खड्डा पडला. धातूच्या तपासणीत इतकी वर्षं घालवून मी डोळ्यांनी निकाल दिला होता.

घड्याळ साखळीचं, खिशात ठेवायचं. काकांच्या आजोबांचं. घरात पिढ्यानपिढ्या त्याला 'सोन्याचं घड्याळ' म्हणत आलेले. वडील गेल्यावर दोघा भावांनी सगळं समजुतीने वाटून घेतलं, घड्याळ मात्र थोरले म्हणून काकांकडे आलं. ते त्यांना टोचत होतं. "सोन्याची वस्तू एकट्याने कशी ठेवू, ताई? जे काही निघेल त्याचं अर्धं धाकट्याला द्यायचंय. तुम्ही लेखी द्या." म्हणजे माझ्या अहवालावर दोन घरांचा हिशोब होणार होता.

आमच्याकडे घड्याळाचं काम जाणणारे एक सहकारी आहेत. त्यांनी आतलं यंत्र अलगद बाहेर काढलं आणि बिजागरीची खीळ काढून मागचं झाकण सुटं केलं. हे करावंच लागतं. पोलादी स्प्रिंगा आणि आतल्या पोकळ्या तशाच ठेवून घनता काढली तर येणारा आकडा कशाचाच नसतो.

झाकण हातात घेतलं आणि पहिली शंका आली ती कडेमुळे. मुलामा दिलेल्या जुन्या वस्तूची कड बोटांनी झिजते आणि तिथे खालचा धातू डोकावतो, तांबूस किंवा करडा. इथे कड झिजून गुळगुळीत झाली होती, पण रंग तोच, उबदार पिवळा. म्हणजे रंग वरून चढवलेला नव्हता. मी आणखीच भरीला पडले, हे कबूल करते. मुलामा नाही म्हणजे सोनंच असणार, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं.

मग वजन. हवेत १४.८४ ग्रॅम. बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवल्यावर १.७६ ग्रॅमने कमी. हवेतल्या वजनाला या घटीने भागलं, घनता आली ८.४३. अठरा कॅरेटचं सोनं असतं तर घनता साडेपंधराच्या आसपास आली असती आणि पाण्यात जेमतेम एक ग्रॅम कमी भरलं असतं. नऊ कॅरेटचं असतं तरी अकराच्या पुढे गेली असती. शुद्ध सोन्याचा १९.३ तर फार लांब राहिला. सोन्याचा प्रश्न त्या एका आकड्याने संपला.

पण ८.४३ म्हणजे साधं पितळ, तेही भरपूर जस्ताचं, आणि ते मला पटेना. तीसेक टक्के जस्ताच्या पितळेचा पिवळा रंग फिका असतो, त्यात हिरवट झाक येते. हे झाकण तसं नव्हतं. भिंगातून पाहिलं तर झाकणावरच्या वेलबुट्टीच्या प्रत्येक खोलगट रेषेत हवेचे बारीक बुडबुडे चिकटलेले. बुडबुडा वस्तूला वर उचलतो, वजन खोटं कमी भरतं आणि घनता खाली येते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला, मऊ कुंचल्याने रेषा न् रेषा झाडली आणि पुन्हा तोललं. या वेळी घट १.७० ग्रॅम, घनता ८.७३. फरक दिसायला क्षुल्लक, पण आमच्या कामात तो म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. घाईत पहिला आकडा लिहिला असता तर अहवालात नुसतं 'पितळ' गेलं असतं.

कसोटीच्या दगडावर एक हलकी रेघ ओढली. रेघही सुंदर पिवळी. तिच्यावर नायट्रिक आम्लाचा थेंब सोडला आणि ती डोळ्यांदेखत विरघळून गेली, मागे काहीच राहिलं नाही. चांगल्या कसाच्या सोन्याची रेघ त्या थेंबाखाली तशीच राहते. मग झाकण एक्सआरएफ यंत्राखाली, म्हणजे क्ष-किरण सोडून धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राखाली ठेवलं. ते यंत्र एरवी सोन्याच्या मिश्रधातूंसाठी लावलेलं असतं, तांब्याच्या धातूंसाठी त्याची मांडणी बदलावी लागते, नाहीतर ते आकडे देतं पण भलतेच. पाच ठिकाणी मोजलं. सरासरी तांबं ८७.६ टक्के, जस्त १२.१, उरलेलं शिसं आणि लोखंड. सोनं कुठेच नाही. पाराही नाही, म्हणजे पाऱ्याच्या साहाय्याने भट्टीत सोनं चढवण्याच्या जुन्या पद्धतीचा मागमूसही नाही.

तांब्यात जस्त जसजसं वाढवत जावं तसतसा त्याचा लालपणा उतरतो. पाच टक्क्यांना तो तांबूसच असतो, दहा ते पंधराच्या दरम्यान थेट सोन्यासारखा दिसतो आणि पुढे लिंबाकडे झुकतो. ती मधली पट्टी नेमकी पकडणं हीच कारागिरी. १८व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर ख्रिस्तोफर पिंचबेक नावाचा घड्याळजी होता, त्याने असा धातू नावारूपाला आणला. त्या काळी तिथे तांबं, कोळसा आणि जस्ताचं खनिज एकत्र तापवून पितळ करायची रीत होती. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होतं. अशा परिस्थितीत जस्ताचं प्रमाण ठरावीक ठेवायचं, आणि ते डोळ्यांना सोनं वाटावं इतकं अचूक! मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. तो १७३२ साली गेला. कृती घराण्यात राहिली, पण धातूची नक्कल इतरांनी केलीच. पुढे इंग्रजीत त्याच्या आडनावाचाच अर्थ 'नकली' असा झाला, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. १८५४ मध्ये ब्रिटनमध्ये नऊ कॅरेटच्या सोन्याला कायद्याने मान्यता मिळाली आणि स्वस्तातलं खरं सोनं आल्यावर या धातूची गरज ओसरली.

काकांचं घड्याळ पिंचबेकच्या हातचं होतं असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. धातू मात्र त्याच जातीचा होता.

आता हे काकांना सांगायचं होतं. त्याआधी नेहमीप्रमाणे झाकणाची आतली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली वीसपट मोठी करून पाहिली आणि तिथे ती दिसली. आतल्या काठाला, झाकण मिटल्यावर कधीच दिसणार नाही अशा जागी, कानशीने घातलेली एक खाच. तांदळाच्या दाण्याएवढी, कडेला दोन आखूड समांतर ओरखडे. खोलवरही धातू तोच, थर बदललेला नाही. ताज्या खाचेत धातू लकाकतो. ही मात्र तळापर्यंत तपकिरी झाली होती, आजूबाजूच्या पृष्ठभागाइतकीच जुनी, आणि तिच्या धारा बोथटल्या होत्या.

अशी खाच एकाच कामासाठी घालतात. वरचा थर खरवडून आत काय आहे ते बघायला.

मी काकांना आत बोलावलं. आधी माफी मागितली. "तपासायच्या आधी बोलले, ते चुकलं माझं. यात सोनं नाही, काका. तांबं आणि जस्त आहे." त्यांचा चेहरा उतरला. काही क्षण ते फोनकडेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आजोबांना कुणीतरी फसवलं."

मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. त्यांना भिंगातून बघायची सवय नव्हती, एक डोळा मिटून मान वाकडी करून त्यांनी ती खाच शोधली. ती कशाची आहे, किती जुनी दिसते, ते मी समजावलं. ते बराच वेळ डोळा लावून होते.

"वडिलांनी हे झाकण कधी उघडलं नाही," ते म्हणाले. "त्यांना वाटायचं यंत्र बिघडेल. मीही नाही उघडलं. आजोबा मात्र दर रविवारी स्वतः उघडून तेलपाणी करायचे. ही खाच त्यांना दिसली नाही असं होणारच नाही." मग माझ्याकडे वळून, "त्यांनीच घातली असेल का हो?"

ते मला सांगता येणार नव्हतं, आणि एकदा बोलून बसल्यावर दुसऱ्यांदा अंदाज सांगायची माझी हिंमतही नव्हती. "कुणी घातली ते धातू सांगत नाही, काका. पण ज्याने घातली त्याला उत्तर मिळालं होतं."

अहवालात मी लिहिलं, 'सोन्याचा अंश आढळला नाही.' आमच्या नमुन्यात एवढंच बसतं. खाली शेऱ्याच्या रकान्यात धातूचं प्रमाण, पिंचबेक जातीचा मिश्रधातू, मुलामा नाही, आतल्या काठाला जुनी तपासणी-खूण, असं सविस्तर लिहिलं. एक विनंतीही केली की घासूनपुसून चमकवू नका. पॉलिशमध्ये वेलबुट्टीची धार जाते आणि ती खाचही जाईल.

सहकाऱ्यांनी यंत्र परत बसवलं, खीळ घातली, किल्ली दिली. घड्याळ चालू झालं. काकांनी ते कानाशी धरलं. जाताना दारातूनच पुन्हा फोन लावला.

"नाही, नाही, सोन्याचं नाहीये. ऐक तर. मी संध्याकाळी घरी येतोय तुझ्या. घरात भिंग आहे का रे?"