आमची वाटचाल : धरणाकाठची घरं विक्रीसाठी सजवताना

आमचं मूळ काम लग्नाच्या हॉलला सोफे, खुर्च्या, पडदे भाड्याने द्यायचं. जळगावात एक गोडाऊन, एक छोटा हत्ती आणि सोबत मिस्तरी. मिस्तरी नुसते सुतार नाहीत, पहिल्यापासूनचे भागीदार, पैसा माझा आणि हात त्यांचे असं तोंडी ठरलं होतं ते आजही तसंच चालू आहे.

2017 ला अमळनेरच्या आबांचा फोन आला. बोरी धरणाच्या काठाला, तामसवाडीकडे त्यांचं फार्महाऊस, मुलं पुण्याला, राहायला कोणी नाही, विकायला काढलं तर गिऱ्हाईक यायचं, रिकाम्या खोल्या बघायचं आणि चहा पिऊन निघून जायचं. आबा म्हणाले तुझं फर्निचर लाव, घर विकलं की घेऊन जा, भाडं मी देतो. स्टेजिंग हा शब्द आम्हाला नंतर कळला, काम आधी सुरू झालं.

तिथे मिस्तरींनी आधी काय केलं तर हॉलमधलं भलंमोठं शोकेस काढलं, ते पाण्याकडच्या खिडकीच्या अर्ध्यावर आलेलं होतं. लोक असल्या घरात पाणी बघायला येतात हो, शोकेस नाही. पडद्याचा रॉड स्लॅबजवळ नेला आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त घेतला, म्हणजे पडदा सरकवला की सगळी काच मोकळी. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे, तोंड धरणाकडे. काठावर बेशरम माजली होती ती मजूर लावून काढली. पांढरे भगभगीत 6500 केल्विनचे बल्ब काढून 3000 वाले, पिवळसर उजेडाचे लावले. आबांनी सगळं फिरून बघितलं आणि म्हणाले, आता विकावंसं वाटत नाही रे. विकलं मात्र, आणि मग आबांनीच आमच्याकडे दुसरं घर आणलं, नंतर मेहुण्यांचंही आणलं.

मधली वर्षं बरी गेली, काम येत होतं, तोरणमाळलाही जाऊन आलो.

फेब्रुवारी 2020 ला एका दलालाने वाघूर धरणाच्या बॅकवॉटरचं फार्महाऊस दाखवलं. आम्ही गोडाऊनमधला उत्तम माल तिथे लावला, मिस्तरींच्या हातचा सागवानी सोफा, वेताच्या खुर्च्या, डायनिंग, त्यांनीच बनवलेला लाकडी लॅम्प, सगळं. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागलं. लग्नं रद्द, हॉलवाल्यांचे पैसे अडकले, गोडाऊनचं भाडं चालूच, आणि चांगला माल कुलपात. हॉलचं काम बंद असल्यावर तेवढ्या मालाच्या भाड्यावरच आशा होती. रस्ते मोकळे झाल्यावर गाडी घेऊन गेलो तर वॉचमन गेट उघडेना, म्हणे घर विकलं गेलं, फर्निचरसकट! दलालाने आमचेच फोटो दाखवून पार्टीकडून फर्निचरची वेगळी रक्कम घेतली होती. फोन केला तर म्हणतो, जुनं सामान होतं, मालकाचंच असेल. मालक म्हणे दलालाला विचारा. घेणाऱ्याचं तर काहीच चुकलं नव्हतं, त्याने पैसे मोजले होते.

ते महिने मी विसरणार नाही. हत्ती विकायला काढला होता. मिस्तरींनी स्वतःची पॉलिसी मोडून कामावरच्या पोरांचा पगार केला आणि घरी सांगितलंही नाही. शेवटी आबांना कळलं. म्हणाले, तुना माल शे भाऊ, तू लई ये, मी शे ना उभा, म्हणजे माल तुझा आहे, घेऊन ये, मी आहे ना उभा. स्वतः सोबत आले. मिस्तरींची जुनी सवय, प्रत्येक वस्तूच्या खालच्या फळीला तापलेल्या सळईने नंबर डागायचा. घेणाऱ्यासमोर सोफा उलटा केला, नंबर आमच्या माल दिल्याच्या चलनाशी जुळला, मग खुर्च्या, मग टेबल, तिथे प्रश्नच संपला. तो माणूस सज्जन, सगळा माल गाडीत भरू दिला आणि दलालाकडे वळला. आम्हाला मात्र भाड्याचा एक रुपया मिळाला नाही.

पुढच्या वर्षी त्याच दलालाने स्वतःचं स्टेजिंग सुरू केलं, आमची दोन पोरं नेली, आणि वाघूरचे फोटो स्वतःचं काम म्हणून लावले. फोटोत मिस्तरींचा लॅम्प स्पष्ट दिसतो! आजही ते फोटो फिरतात आणि लोक मलाच विचारतात, तुम्ही पण तसंच करता का. फार लागतं ते. तो काय करतो तर लोणा लागलेल्या भिंतीवर पुट्टी मारून रंग देतो, पहिल्या पावसात पोपडे पडतात आणि बदनाम सगळी लाईन होते. आम्ही आधी मॉइश्चर मीटर लावतो, ओल असेल तर मालकाला सांगतो की आधी वॉटरप्रूफिंग कर, नाहीतर गिऱ्हाईकाला ओल दाखव. यामुळे कामं गेलीत, जाऊ दे.

घर विकायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. धरणाकाठच्या घराचे फोटो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच काढा, तेव्हा पाणी काठोकाठ असतं. मे मध्ये आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, पाणी लांब सरकतं आणि खिडकीतून भेगाळलेला गाळ दिसतो. पण उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत जातं ते गिऱ्हाईकाला तोंडाने सांगा, लपवू नका. हॉलचा फोटो दिवस मावळताना घ्या, बाहेरचा आणि आतला उजेड सारखा होतो ती थोडीच मिनिटं असतात, तेव्हाच पाणी आणि खोली दोन्ही नीट येतात, भर दुपारी काढलात तर खिडकी पांढरीफटक. मच्छरजाळी नवीन लावा. रूम फ्रेशनर मारू नका, वास दाबायला मारलाय हे लगेच कळतं, दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवा. आणि सातबारा टेबलावर तयार ठेवा.

आता हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला चांगदेवकडे एक काम चालू आहे, हिवाळ्यात तिथे बाहेरचे पक्षी येतात म्हणून मिस्तरी व्हरांड्यात बसायला वेताचा बाक बनवतायत. चलनावर मालक, दलाल आणि आम्ही अशा तीन सह्या, प्रत्येक वस्तूचा नंबर आणि फोटो, आणि फर्निचर विक्रीत धरलेलं नाही हे ठळक लिहिलेलं. या कामाचा दलाल सहीला कुरकुर करत होता, म्हणून गाडी भरलेली असून दोन दिवस गोडाऊनमध्येच उभी ठेवली, तिसऱ्या दिवशी त्याने येऊन सही केली.